जुळाऱ्याच्या पेटीतून कुलूपबंद नावाकडे

इंग्रजी छापखान्यातला जुळारी समोर दोन पेट्या मांडून खिळे वेचत असे. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. पेटी म्हणजे ‘केस’, म्हणून ‘अपरकेस’ आणि ‘लोअरकेस’. पेट्या गेल्या, पण त्यांचं भांडण संगणकात शिरलं: फाइलचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं काय किंवा लहान, फाइल एक की दोन?

युनिक्सनं पहिल्यापासून दोन मानल्या. १९८१च्या एमएस-डॉसनं सगळी नावं मोठ्या अक्षरांतच ठेवली. विंडोज ९५नं अक्षरांचं रूप जपलं, पण शोधताना भेद केला नाही. अँड्रॉइडच्या मेमरी कार्डानं हीच सवय उचलली, आणि अँड्रॉइडच्या पोटात तर युनिक्सच्या वळणाचा, भेद मानणारा लिनक्स! वर्षानुवर्षं दोघांमधल्या सॉफ्टवेअरच्या थरांनी वेळ मारून नेली. अखेर २०१९मध्ये गॅब्रिएल क्रिसमन बर्ताझी यांचं भेद न मानण्याचं काम लिनक्स ५.२मधून ‘ईएक्सटी४’ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये आलं. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सला हा प्रकार मुळात पटत नाही, आणि तो ते लपवतही नाही.

खरी पंचाईत कुलपानं केली. कूटबद्ध फोल्डरमध्ये नावंही कूटबद्ध होतात. एरवी मागितलेलं नाव कूटबद्ध करायचं आणि डिस्कवरच्या बाइट्सशी ताडून पाहायचं. पण एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी कूटरूप पार बदलतं. मग ताडायचं कशाशी?

उत्तर ‘हॅश’मध्ये, म्हणजे नावावरून गणितानं काढलेल्या आकड्यात, सापडलं. नावातला लहान-मोठा भेद आधी पुसायचा आणि उरलेल्याचा हॅश काढायचा. साधा हॅश डिस्कवर ठेवला तर चोर नावं अंदाजानं ओळखेल, म्हणून गुप्त किल्लीवर चालणारा ‘सिपहॅश’ घेतला. किल्ली नसताना तो काढताच येत नाही, तेव्हा ‘ईएक्सटी४’ तो नावाशेजारीच लिहून ठेवतं. २०२१च्या लिनक्स ५.१३मध्ये कुलूप आणि केस एकाच फोल्डरात नांदू लागले.

असा कोड तपासणाऱ्याला तुलनेचं सूत्र वाचून भागत नाही. दोन नावं ताडली जात असतानाच दुसरा प्रोग्रॅम त्यातलं एक बदलू शकतो. २०२०मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्या एरिक बिगर्स यांनी नेमकी हीच फट बुजवली: आधी नावाची प्रत काढा, मग ताडा.

हॅश एकदा डिस्कवर उतरला की ‘सारखं’ या शब्दाचा अर्थ बदलणंही महागात पडतं. २०२४च्या अखेरीस युनिकोडची अदृश्य चिन्हं तुलनेत धरायचा बदल झाला, आणि लाल बदामाचं इमोजी नावात असलेल्या जुन्या फाइली सापडेनाशा झाल्या. त्या बदामामागे एक अदृश्य चिन्ह दडलेलं असतं. बदल मागे घ्यावा लागला.

देवनागरीत लहान-मोठं नाही, म्हणून आपण सुटलो असं मात्र नाही. र, हलन्त आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ जोडून ‘दर्‍या’ टंकलं, तर भेद पुसताना हे अदृश्य जोडचिन्ह गळून पडतं. भेद न मानणाऱ्या फोल्डरात डोंगरातल्या दर्‍या आणि समुद्राचा दर्या ही एकच फाइल ठरते. तेच नाव ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरानं लिहिलं तर ‘दऱ्या’ वेगळ्या राहतात.