नोंदवहीबाहेरचे पिचर

मे 2024 च्या अखेरीस अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने आपल्या अधिकृत नोंदवहीत एक मोठी दुरुस्ती केली. 1920 ते 1948 या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या ज्या सात लीग होत्या, त्यांतील आकडे मुख्य नोंदींत सामील करून घेण्यात आले. त्यांना ‘निग्रो लीग’ म्हणत. हा शब्द आज अपमानकारक मानला जातो, पण त्या संस्थांचे नावच ते असल्याने इतिहासात तो तसाच राहिला आहे. या दुरुस्तीनंतर कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉब यांच्या वर जोश गिब्सन यांचे नाव आले आणि सगळ्या बातम्या त्यावरच झाल्या. त्यामानाने पिचर मंडळींची चर्चा कमी झाली. खरे तर ‘सर्वकालीन श्रेष्ठ पिचर कोण’ हा तिकडचा फार जुना वाद आहे, आणि या दुरुस्तीने त्याचा पायाच हलवला आहे.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. म्हणून दोन गोष्टी आधी सांगून टाकतो. पिचर धावत येऊन चेंडू टाकत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून 60 फूट 6 इंचांवरच्या फलंदाजाकडे तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. त्याची मोजदाद मुख्यतः ‘ईआरए’ नावाच्या सरासरीने होते. नऊ डावांचा एक सामना धरला, तर क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून या पिचरने किती धावा दिल्या, एवढाच त्याचा अर्थ. आकडा जितका कमी, तितका पिचर चांगला.

आता वाद बघा. साय यंग यांनी 1890 ते 1911 या काळात 511 सामने जिंकले. हा विक्रम कधी मोडेल असे कुणालाच वाटत नाही. त्यांनी 749 सामन्यांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने पिचिंग केले. आज तीस संघ मिळून एका हंगामात अशा सामन्यांचा आकडा चाळिशीलाही पोहोचत नाही. म्हणजे आजचे पिचर कच्चे? तसे नाही. यंग खेळू लागले तेव्हा फेकण्याचे अंतर कमी होते, ते 1893 मध्ये वाढवले गेले. शिवाय एकच चेंडू मळून काळा पडेपर्यंत वापरला जाई. त्याला थुंकी लावत, तंबाखूचा रस लावत, घासत. असा चेंडू लांब जात नसे आणि नीट दिसतही नसे. पिचरला प्रत्येक चेंडूला सगळी ताकद लावायची गरजच नव्हती, म्हणून तो नऊ डाव टिकत असे.

1920 च्या हंगामापासून थुंकी लावण्यावर बंदी आली. जे आधीपासून त्यावरच जगत होते, अशा सतरा पिचरना तेवढी सूट मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर रे चॅपमन या क्लीव्हलँडच्या खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. त्यानंतर पंच मळलेला चेंडू लगेच बदलू लागले. स्वच्छ पांढरा चेंडू आला आणि फलंदाजांचे दिवस सुरू झाले.

उलट टोक 1968 चे. त्या वर्षी पिचर इतके वरचढ झाले की अमेरिकन लीगमध्ये पहिल्या क्रमांकाच्या फलंदाजाची सरासरी जेमतेम .301 होती. सेंट लुईसच्या बॉब गिब्सन यांचा ईआरए 1.12 होता आणि तेरा सामन्यांत त्यांनी समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. मालकांनी पुढच्या वर्षी मातीचा उंचवटाच पंधरा इंचांवरून दहावर आणला. खेळाडू भारी पडला म्हणून जमीन खाली नेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

तेव्हा नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. अभ्यासकांनी यावर एक साधा तोडगा काढला. माणसाची तुलना त्याच्याच काळातल्या इतरांशी करायची आणि मग ती गुणोत्तरे एकमेकांशी ताडून बघायची. वॉशिंग्टनचे वॉल्टर जॉन्सन यांनी 1913 मध्ये 1.14 हा ईआरए ठेवला, तेव्हा त्यांच्या लीगची सरासरी 2.93 होती. म्हणजे इतरांच्या सुमारे 39 टक्के. बॉब गिब्सन यांच्या 1968 मध्ये लीगची सरासरी 2.99, म्हणजे सुमारे 37 टक्के. बोस्टनचे पेद्रो मार्टिनेझ 2000 साली 1.74 वर होते. वरवर पाहता तिघांत सर्वांत वाईट आकडा हाच. पण त्या वर्षी फलंदाज सुसाट होते, लीगची सरासरी 4.91 होती आणि त्या लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावरचे रॉजर क्लेमेन्स थेट 3.70 वर. हिशोब 35 टक्क्यांवर येतो. एका हंगामापुरते मला विचाराल तर मी मार्टिनेझ यांचेच नाव घेईन.

हा तोडगा सुबक आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. ‘लीगची सरासरी’ म्हणजे त्या काळच्या उत्तम खेळाडूंची सरासरी, हे ते गृहीतक. 1913 मध्ये ते खरे नव्हते. कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसूनही 1880 च्या दशकापासून मालकांनी आपसांत ठरवून कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवले होते. 1884 मध्ये टोलीडोकडून खेळलेल्या मोझेस फ्लीटवुड वॉकर यांच्यानंतर थेट 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ब्रुकलिनसाठी मैदानात पाऊल टाकेपर्यंत ही भिंत उभी होती. वर ज्या तिघांची तुलना केली, त्यांतले बॉब गिब्सन ओमाहाचे कृष्णवर्णीय आणि पेद्रो मार्टिनेझ डोमिनिकन प्रजासत्ताकाचे काळसर वर्णाचे. या दोघांना 1913 मध्ये जॉन्सन यांच्या लीगचे दार उघडले नसते. तिघांच्या यादीतले दोघे बाद! जॉन्सन यांचे 417 विजय किंवा एकही धाव न देता जिंकलेले 110 सामने यांत त्यांचा स्वतःचा काही दोष नाही. पण ते कुंपण घातलेल्या मैदानातले आकडे आहेत.

आता कुंपणाच्या पलीकडचे सॅचेल पेज. 1906 मध्ये अलाबामातील मोबिल शहरात जन्म. लहानपणी स्टेशनवर प्रवाशांच्या पिशव्या उचलण्यावरून ‘सॅचेल’ हे नाव पडले, असे सांगतात. किरकोळ चोरी आणि शाळा बुडवण्यापायी बालसुधारगृहात गेले, पिचिंग तिथेच शिकले. पुढे वीस वर्षे ते जिथे पैसे मिळतील तिथे खेळले. लीगचे सामने, गावोगावच्या जत्रा, गोऱ्या खेळाडूंच्या संघांविरुद्धचे प्रदर्शनी सामने. 1937 मध्ये तर डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या संघाकडून खेळायला ते जोश गिब्सन यांच्यासह तिकडे गेले. डिझी डीन आणि जो डिमॅजिओ या गोऱ्या दिग्गजांनी पुढे पेज यांना आपण पाहिलेल्या सर्वोत्तम पिचरमध्ये गणले.

मेजर लीगने त्यांना घेतले ते जुलै 1948 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. तोवर खांद्याच्या दुखापतीतून ते एकदा पूर्ण संपून परत उभे राहिले होते. तरीही क्लीव्हलँडसाठी त्यांनी सहा सामने जिंकले, एक हरले, ईआरए 2.48. संघ त्या वर्षी विश्वविजेता झाला. 1965 मध्ये एकोणसाठाव्या वर्षी कॅन्सस सिटीने गर्दी खेचण्यासाठी त्यांना एक सामना दिला. मैदानाच्या कडेला झुलती खुर्ची ठेवली, सोबत एक नर्स बसवली. पेज यांनी तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही.

1971 मध्ये हॉल ऑफ फेमने पेज यांना निवडले, तेव्हा आधीचा विचार त्यांच्यासारख्यांसाठी वेगळे दालन ठेवण्याचा होता. त्यावर टीकेची झोड उठली आणि अखेर त्यांना सगळ्यांच्या बरोबरीने जागा मिळाली. पण नोंदवहीत मात्र 2024 पर्यंत त्यांच्या नावावर फक्त 28 विजय होते. आता तो आकडा शंभराच्या पुढे गेला आहे.

या दुरुस्तीवर आक्षेप घेणारे विचारतात, की पेज यांनी रोज मेजर लीगच्या दर्जाचे फलंदाज कुठे पाहिले? निग्रो लीगचे हंगाम छोटे असत आणि आकडे अर्धवट आहेत, हेही ते सांगतात. प्रश्न रास्त आहे. पण तोच प्रश्न जॉन्सन यांच्याबद्दल का विचारला जात नाही? ऑस्कर चार्ल्सटन हा त्या काळातला थोर फलंदाज 1915 पासून खेळत होता, जॉन्सन 1927 पर्यंत. लीगच्या सामन्यात हे दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत. भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते, पण पुरावा फक्त एकाच बाजूकडे मागितला जातो. अल्पसंख्याकांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

आकडे अर्धवट आहेत, हे खरेच. दुरुस्ती करणाऱ्या समितीनेच 1920 ते 1948 च्या सुमारे 75 टक्के नोंदी हाती लागल्याचे सांगितले. गोऱ्यांची मोठी दैनिके या सामन्यांकडे फिरकत नसत. जे काही उरले ते ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत. साप्ताहिकात जागा कमी आणि संघ सतत गाडीवर. सामना मंगळवारी एका गावात झाला, तर शनिवारच्या अंकात धावफलक येईलच याची खात्री नसे. ‘सीमहेड्स’च्या संशोधकांनी वर्षानुवर्षे हे अंक चाळून एकेक सामना गोळा केला. मेजर लीगची दुरुस्ती उभी आहे ती बव्हंशी या माणसांच्या चिकाटीवर.

आणि इतके करूनही काही जण बाहेरच राहिले. 1952 मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ने जाणकारांना विचारले, की कृष्णवर्णीय बेसबॉलमधला श्रेष्ठ पिचर कोण. पेज हरले. एका मताने, 20 विरुद्ध 19. जिंकले ते स्मोकी जो विल्यम्स हे टेक्सासचे उंचपुरे पिचर. त्यांची उमेदीची वर्षे 1920 च्या आधीची, म्हणून ती 2024 च्या दुरुस्तीत बसतच नाहीत.

ऑगस्ट 1930 मध्ये, चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या विल्यम्स यांनी होमस्टेड ग्रेजकडून कॅन्सस सिटी मोनार्क्सविरुद्ध एक सामना खेळला. रात्रीची वेळ, गाडीवर वाहून आणलेल्या दिव्यांचा अंधुक उजेड. बारा डावांत त्यांनी 27 फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि सामना 1-0 असा जिंकला. ग्रेज त्या वर्षी कोणत्याच लीगमध्ये नव्हते. त्यामुळे एका सामन्यातील स्ट्राइकआउटचा अधिकृत विक्रम आजही टॉम चेनी यांच्या नावावर आहे: 1962, सोळा डाव, 21.