डिझाइन स्टुडिओ, सुरतेतील
साडी व ड्रेस मटेरियलवरील छापाची नक्षी तयार करणारी कार्यालये. रिंग रोडचा कापडबाजार हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. छपाई पांडेसरा, सचिन येथील गिरण्यांत होते. नक्षीचा रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा भाग) जुळवणे, रंग वेगळे करणे, नमुना मंजूर करून घेणे, फाइल गिरणीत पोचवणे ही साखळी व्यवस्थापक सांभाळतो. लहान स्टुडिओत वेगळा मनुष्यबळ विभाग क्वचितच असल्याने माणसे टिकवणेही त्याच्याच गळ्यात पडते. कसलेला डिझायनर शेजारच्या स्टुडिओत गेला, की गिऱ्हाइकाच्या आवडीची जाणही त्याच्याबरोबर जाते. त्याला थांबवण्यास वाढदिवसाच्या केकपेक्षा वेळेवरचा पगार आणि लग्नसराईआधीच्या जादा कामाचा मोबदला अधिक उपयोगी. दिवाळीत बंद झालेला बाजार लाभपंचमीपासून, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपासून, उघडू लागतो. रजा त्यानुसारच बेतल्या जातात.