पदवी होती, खोली नव्हती: कागल जहागिरीतील एका परिषदेची पूर्वपीठिका

१/ परिषदेस निघालेल्या पाहुण्याचा पहिला प्रश्न आज साधा असतो: उतरायचे कुठे? शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर पाहुण्याची जात ठरवीत असे. कागल जहागिरीत १९२० साली भरलेल्या माणगाव परिषदेचे मोल जाणायचे, तर आरंभ बडोद्यापासून करावा लागतो.

२/ साल १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण राहण्यास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांतच ओळख उघड झाली आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

३/ निवाऱ्याचा हा प्रश्न कोल्हापुरात एका राजाने ओळखला होता. राजर्षी शाहू हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४ मध्ये राज्याधिकार हाती आला. शाळा कितीही काढल्या, तरी खेड्यातल्या मुलाच्या राहण्या-जेवण्याची सोय शहरात झाल्यावाचून तो शिकणार नाही, हे त्यांनी हेरले.

४/ पहिला प्रयोग फसला. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी काढलेले वसतिगृह प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग.

५/ या वाटेला मर्यादाही होती. मुलांना छप्पर मिळाले, पण ते जातवार. एका छताखाली सर्वांनी उतरण्याचा प्रश्न शिल्लकच राहिला. १९१९ च्या हुकुमाने महाराजांनी धर्मशाळा, सार्वजनिक इमारती आणि पाणवठे अस्पृश्यांना खुले केले.

६/ पुढच्याच वर्षी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. हे गाव तेव्हा कागल जहागिरीत होते आणि जहागिरीचे अधिपती होते महाराजांचे बंधू बापूसाहेब घाटगे. पुढाकार गावच्या आप्पासाहेब पाटलांचा. अध्यक्ष आंबेडकर, वय अवघे २८.

७/ महाराज स्वतः उपस्थित राहिले. अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी लाभला, असे त्यांनी जाहीर केले आणि परतण्यापूर्वी रजपूतवाडीच्या कॅम्पवर आपल्याबरोबर भोजनास येण्याचे निमंत्रण अध्यक्षांना भर सभेत दिले. तीन वर्षांपूर्वी ज्याला धर्मशाळेतून हुसकले गेले, त्याला छत्रपतींच्या पंगतीचे आवतण आले. सहभोजन हा त्या काळी शिष्टाचार नव्हता. तो जातिव्यवस्थेच्या मर्मावर घाव होता.

८/ आज शिवाजी विद्यापीठातील परिसंवादासाठी येणाऱ्यांनी एक दिवस राखून ठेवावा. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग पाहावे, कागलला जावे, हातकणंगले तालुक्यातील माणगाव गाठावे. मुक्कामाची खोली आज नाव सांगताच मिळते. तेच नाव एके काळी लपवावे लागत होते, याचे भान तेथे येते.