लक्षणविरहित विषाणुसंसर्ग

विषाणू शरीरात शिरून वाढू लागणे म्हणजे संसर्ग. त्यामुळे ताप, खोकला, धाप सुरू होणे म्हणजे आजार. पहिली घटना दुसरीवाचूनही घडते. अबुधाबीने हे मर्स कोरोनाविषाणूच्या साथीत अनुभवले. 2012 मध्ये सौदी अरेबियात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू पुढच्याच वर्षी या अमिरातीत आढळला. रुग्णांचे नातेवाईक व सहकारी यांचीही तपासणी होऊ लागली, तेव्हा धडधाकट माणसांच्या घशातही तो सापडला.

एप्रिल 2014 मध्ये याच अमिरातीतील अल ऐन येथील एका फिलिपिनो आरोग्यसेवकाचा अहवाल सकारात्मक आला, तेव्हा तो मनिलाला पोहोचलेलाही होता. त्याला कोणताच त्रास नव्हता. मायदेशी झालेली फेरतपासणी नकारार्थी आली, पण तोवर विमानातील सहप्रवाशांचा शोध घ्यावा लागला. सुट्टीवर घरी निघालेल्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकले असते. 2015 मध्ये ओमानहून आणलेल्या उंटांत विषाणू आढळला आणि त्यांच्या संपर्कातील दोन माणसे लक्षणांवाचून बाधित निघाली.

विषाणू एकच असताना असा फरक का पडतो? शरीराची प्राथमिक प्रतिकारयंत्रणा वेळेवर जागी झाली, तर विषाणूची वाढ लवकर आटोक्यात येते. उतारवय, मधुमेह, मूत्रपिंडविकार असल्यास हे गणित बिघडते. मर्सचा विषाणू मुख्यतः फुप्फुसात खोलवर रुजतो. म्हणून गंभीर रुग्णाकडून, विशेषतः रुग्णालयात, तो अधिक पसरतो. लक्षणविरहित बाधिताकडून प्रसार त्या मानाने विरळच.

कोविडने मात्र हा आडाखा मोडला. त्याचा विषाणू नाकाघशात भरपूर वाढतो, आणि लक्षणांच्या एकदोन दिवस आधीही पसरू शकतो. अशा माणसाला लक्षणपूर्व म्हणावे, लक्षणविरहित नव्हे. तपासणीच्या दिवशी दोघे सारखेच दिसतात, भेद नंतरच्या दिवसांत उमगतो. नुसता ताप मोजून असे बाधित सापडत नाहीत. 2020 मध्ये दुबईहून अबुधाबीत शिरताना नकारार्थी अहवाल मागितला जाई, त्यामागे हेच कारण होते. अर्थात तो अहवालही नमुना घेतल्या क्षणापुरताच बोलतो.

मागाहून केलेली रक्ततपासणीही नेहमी साक्ष देत नाही. मर्सच्या सौम्य वा लक्षणविरहित संसर्गानंतर प्रतिपिंडे अनेकदा अत्यल्प असतात किंवा आढळतच नाहीत. त्यामुळे केवळ त्यांवरून काढलेला बाधितांचा आकडा कमीच भरतो.