गोष्टीतून उतरलेली होडी

आमच्या शिरूर अनंतपाळपासून समुद्र दोनशे मैलांहून अधिक दूर. येथील पुष्कळांचा जन्म समुद्र न पाहताच सरतो. परंतु मृग जवळ आला की साऱ्यांचे डोळे लागतात ते समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याकडेच. हा वारा आम्हांला पाऊस देतो. तो समुद्रालाही काही देतो, हे मात्र वर्गात भूगोल शिकवूनही मला फार उशिरा कळले.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचे वरचे पाणी वारा व प्रवाह यांच्यामुळे दूर सारले जाते आणि खालचे थंड पाणी त्याच्या जागी वर येते. ही समुद्राची नांगरटच म्हणा ना! त्या पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्या आधाराने तारली-बांगडा पोसतो. पण या पाण्यात प्राणवायू थोडा. त्यात पावसाचे गोडे पाणी झाकणासारखे वर पसरते. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की किनाऱ्यालगत ही प्राणवायूची टंचाई वाढत आहे. शेतातून वाहून जाणारे खतही त्याला कारण असू शकेल.

अडचण अशी, की जेव्हा पाहायचे नेमका तेव्हाच समुद्र खवळलेला. मोठे जहाज न्यावे तर खर्च फार, आणि जहाज परतले की पाहणे संपले.

यावर उपाय आला तो एका गोष्टीतून. १९८९ साली हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञांनी चक्क एक काल्पनिक कथा लिहिली. तिचा काळ २०२१. तिच्यात बिनमाणसांच्या लहान होड्या महासागरांत खालीवर बुड्या मारीत हिंडतात आणि वर येऊन खबर देतात. मूळ कल्पना त्यांचे मित्र डग्लस वेब यांची. या होडीला नाव दिले 'स्लोकम'. १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांचे.

तिलाच आज ग्लायडर म्हणतात. तिला पंखा नाही. काही ग्लायडरांत पोटातले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत सारले, की वजन तेच राहून आकार फुगतो आणि यंत्र वर येते. तेल आत घेतले की बुडते. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला भोपळा आठवावा! बाजूचे पंख या खालीवर जाण्यालाच पुढची गती देतात. वर आल्यावर उपग्रहामार्फत निरोप जातो. शक्ती इतकी कमी लागते, की महिनोन्‌महिने काम चालते.

२००९ साली असा एक ग्लायडर न्यू जर्सीहून निघाला आणि २२१ दिवसांनी अटलांटिक ओलांडून स्पेनला पोचला. स्टॉमेल १९९२ सालीच वारले होते; त्यांना ते पाहायला मिळाले नाही. २०१६ च्या ऐन पावसाळ्यात 'सिंधु साधना' या आपल्या जहाजाच्या मोहिमेत भारतीय व इंग्रज संशोधकांनी बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात ग्लायडर सोडले.

आमच्या मांजरेचे पाणी गोदावरीतून त्याच उपसागराला मिळते. शेतातले खत नदीला जाऊ देताना आता हात थोडा आखडतो, कारण त्या पाण्याखाली काय चालले आहे, हे पाहणारे कोणीतरी आता आहे. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाने गोष्ट रचून आणली, तर ती मी पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देऊन वाचतो.