गोदावरीची लांबी

१९९४ साली मी गोदावरीचा एक तक्ता केला होता. कार्डशीटवर निळ्या पोस्टर कलरने ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत नदी ओढली आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी कपाळावरची लाल टिकली काढून चिकटवली. शाळा निफाड तालुक्यातली. आपलं ठिकाण दिसलं की पोरं उरलेली नदी आपणहून बघतात. राजमहेंद्री लिहिताना वेलांटी चुकली, तेव्हा त्यावर कागदाची पट्टी डकवली. पट्टी लांबूनही दिसायची आणि तालुक्याच्या साहित्य प्रदर्शनात तिची लाजही वाटली, पण वरचा शब्द बरोबर होता.

असे तक्ते प्रत्येक शाळेत होते. १९८७ च्या खडू-फळा योजनेतून पृथ्वीगोल आणि विज्ञानपेटीही आली होती, पण काही फुटलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीने ती बहुधा कपाटातच राहायची. पुढे सर्व शिक्षा अभियानात शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. त्यात कार्डशीट, थर्माकोल, फेव्हिकॉल बसे. प्रदर्शन झालं की तक्त्याची गुंडाळी कपाटावर जायची. शेजारच्या केंद्रातल्या बाईंनी तीच नदी माझ्यापेक्षा छान काढलेली असायची, पण माझ्या पोरांना ती दिसण्याचा मार्ग नव्हता.

खडू-फळा योजना सुरू झाली त्याच १९८७ मध्ये अमेरिकेत पॉवरपॉइंट विक्रीला आलं, तेही आधी फक्त मॅकिंटॉशवर. या दोघांची गाठ आमच्या शाळेत पडायला पंचवीसेक वर्षं गेली. मधल्या काळात, वेतनवाढ अडेल म्हणून, आम्ही चाळिशीतल्या बाया पोरासोरांच्या शेजारी बसून एमएस-सीआयटी झालो. तिथे पहिल्यांदा स्लाइड केली. फूल गोल फिरत आलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

घोडं अडलं ते मराठीपाशी. तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा होता. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवत. माझ्या संगणकावर ‘गोदावरी’ दिसे. तीच फाइल पेनड्राइव्हवरून केंद्रशाळेत नेली की डोक्यावर टिंबं घेतलेली इंग्रजी अक्षरं आणि मध्येच पौंडाची खूण. खरं तर युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण आमचे हात जुन्या कीबोर्डला बसले होते. मग कुणीतरी तोड काढली: स्लाइडचा फोटो करायचा. फोटोत फॉन्ट बिघडत नाही.

२०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर बसू लागले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. यंत्रं आली, पण त्यांवर दाखवायचं काय? ते शिक्षकांनीच आपापसांत उभं केलं, रात्री जेवणं उरकल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर. कुणी भाताच्या खाचराचे फोटो टाकी, कुणी पाढ्यांना चाल लावी, कुणी गोंडी शब्द गोळा करी. गटात फार तर शंभर माणसं मावत. २०१६ मध्ये ती मर्यादा २५६ झाली. पीडीएफही त्याच वर्षी जाऊ लागली. त्याआधी आपसूकच सगळं फोटोच्या रूपात फिरे. पैसा नाही, आदेश नाही, आणि तरी एवढं साहित्य जमलं, याचं मला अजून नवल वाटतं.

माझीही गोदावरी गेली. बावीस स्लाइड, बावीस फोटो. नदीची लांबी १४६५ किलोमीटर. पेपर तपासून झाल्यावर पेंगत टाइप करताना मी १६४५ लिहिलं.

चूक सापडली ती पाचवीतल्या एका मुलीला. “बाई, पुस्तकात वेगळंय.” मी त्याच रात्री दुरुस्त स्लाइड गटावर टाकली. पण पहिली तोवर दुसऱ्या गटांवर गेली होती, आणि फोटोत कुणी हात घालू शकत नव्हतं. ज्याला चूक दिसली त्याच्याकडेही फाइल नव्हती. छापील पुस्तकाला निदान शुद्धिपत्र जोडता येतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक लेखावर ‘इतिहास पहा’ अशी कळ असते. कुणी काय बदललं, केव्हा बदललं, सगळं तिथे दिसतं. माझी तक्त्यावरची पट्टीच ती! आम्ही मात्र उत्साहाच्या भरात अशी पद्धत निवडली होती की जिला पट्टी डकवायला जागाच नाही.

पुढे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. त्याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत केली होती. २०१७ मध्ये दीक्षा पोर्टल आलं. तपासून, नावानिशी साहित्य देण्याची सोय झाली. आमचे रात्रीचे गट हळूहळू सुप्रभात आणि वाढदिवसांवर आले.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना पुन्हा स्लाइड हव्या झाल्या. एके सकाळी माझीच गोदावरी मला परत आली. तीच लाल टिकली, आता भोवती फुलांची नक्षी, खाली ‘निर्मिती’ म्हणून भलतंच नाव, आणि लांबी १६४५. नावाचं मला फारसं लागलं नाही. खरं सांगायचं तर तेवढी चूक तरी माझ्या नावावर नाही, असं क्षणभर वाटून गेलं. मग मी गटावर लिहिलं की आकडा चुकला आहे आणि चूक मूळची माझी आहे. मराठवाड्यातल्या एका सरांचं लगेच उत्तर आलं, “मॅडम, मूळ फाइल असेल तर द्या, मी सुधारून सगळीकडे फिरवतो.”

जुना पेनड्राइव्ह शोधून लेकाच्या लॅपटॉपला लावला. फाइल उघडली. त्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. ब्रह्मगिरी, नांदूरमध्यमेश्वर, राजमहेंद्री, सगळ्यांची टिंबं आणि पौंड झाले होते. अंक मात्र त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अंकांच्याच जागी बसवलेले. ते तेवढे स्वच्छ वाचता येत होते. एक, सहा, चार, पाच.