चान्यांचा इतिहास

विरारच्या कॉलेजात एका विद्यार्थ्याला कोरियन भाजणीच्या मांसाची नावे पाठ होती : समग्योप्साल म्हणजे डुकराच्या पोटाचे, गाल्बी म्हणजे बरगडीचे. मला मराठवाड्यातली आजी आठवली. वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या. तिच्याकडेही प्रत्येक भागाला नाव होते. मात्र तिथे निवड नव्हती. मेलेले ढोर ओढण्याच्या बदल्यात महारकीने दिलेला तो वाटा होता.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले. आमच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडले. हा स्वाभिमानाचा लढा होता. पण मांसाबरोबर आम्ही शिकलेल्यांनी ते शब्दही लाजेने टाकले. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून ते अन्न नोंदवले. मृतमांस सोडले ते योग्यच. शब्द विसरलो तर अन्यायाचा पुरावाच आपल्या हाताने पुसू.